सिग्नलवरून लोरा सेन्सर ओळखण्याच्या प्रयोगाआधीची तयारी

लोरा म्हणजे कमी विजेत दूरवर माहिती पाठवणारी रेडिओ पद्धत. ती वापरणारे एकाच मॉडेलचे सेन्सर वरकरणी सारखे दिसले, तरी प्रत्येकाचा क्रिस्टल (फ्रिक्वेन्सी ठरवणारा स्फटिक) आणि पॉवर अ‍ॅम्प्लिफायर (सिग्नलचा जोर वाढवणारा भाग) किंचित वेगळा असतो आणि तो फरक सिग्नलमध्ये उतरतो. तो फरक ओळखायला शिकणारे न्यूरल नेटवर्क कोणते वापरायचे हा प्रश्न नंतरचा. आधी सिग्नलचे नमुने काळजीपूर्वक गोळा करावेत, कारण प्रयोग फसतो तो बहुधा तिथेच.

त्यासाठी एकाच मॉडेलचे, शक्यतो एकाच खेपेतले दहा-पंधरा सेन्सर जमवावेत. निरनिराळ्या कंपन्यांचे सेन्सर वेगळे ओळखून आलेल्या यशाला फारसा अर्थ नसतो. भारतात लोरा 865 ते 868 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते, त्यामुळे स्वस्तातला आरटीएल-एसडीआर (संगणकाला जोडायचा छोटा रेडिओ) रिसीव्हरही पुरतो. त्याचा ऑटो गेन (सिग्नल आपोआप कमी-जास्त वाढवणे) बंद करून एकच गेन ठरवावा आणि सिग्नलची शिखरे कापली जात नाहीत ना, हे आलेखावर पाहून घ्यावे.

न्यूरल नेटवर्कच्या मॉडेलला पॅकेटमधला, म्हणजे एका वेळी पाठवलेल्या संदेशातला, फक्त प्रिअँबल (सुरुवातीचा ठरावीक भाग) द्यावा. एसएफ (स्प्रेडिंग फॅक्टर, म्हणजे चर्पची लांबी ठरवणारी सेटिंग) 7 आणि 125 किलोहर्ट्झ बँडविड्थला एक चर्प (फ्रिक्वेन्सी सतत सरकत जाणारी लहर) 1.024 मिलिसेकंदांचा असतो; सेकंदाला दहा लाख सॅम्पल घेतल्यास आठ चर्पची 8,192 सॅम्पल होतात आणि त्यातला मजकूर सर्व सेन्सरांचा सारखाच असतो. पुढचा भाग राहू दिला, तर मॉडेल हार्डवेअरऐवजी डिव्हाइस अ‍ॅड्रेस पाठ करते, आणि अ‍ॅड्रेसची नक्कल तर कोणालाही करता येते.

फ्रिक्वेन्सी ऑफसेटवर, म्हणजे ठरलेल्या आणि प्रत्यक्ष फ्रिक्वेन्सीतल्या फरकावर, विसंबू नये. 866 मेगाहर्ट्झवर 10 पीपीएम (दहा लाखांत दहा भाग) म्हणजे 8.66 किलोहर्ट्झ, एवढ्या फरकाने सेन्सर चटकन वेगळे पडतात खरे, पण क्रिस्टल तापला की हा आकडा सरकतो आणि सकाळी शिकलेले मॉडेल दुपारी चुकू लागते. म्हणून प्रिअँबलवरूनच ऑफसेट मोजून तो दुरुस्त करावा आणि प्रत्येक नोंदीबरोबर तापमान लिहून ठेवावे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रशिक्षणाचे आणि चाचणीचे दिवस, जागा आणि जमल्यास रिसीव्हरही वेगळे असावेत, कारण एकाच बैठकीतली पॅकेट पिसून दोन वाटे केले, तर भिंतींवरून परतणाऱ्या लहरींची ठेवण मॉडेल शिकते आणि कागदावर मात्र अचूकता उत्तम दिसते. काही सेन्सर प्रशिक्षणातून पूर्णपणे बाहेर ठेवावेत. त्यांना नाकारता येते का, यावरच खरी पारख होते. किती परके सेन्सर आपले म्हणून स्वीकारले गेले आणि आपले किती नाकारले गेले, हे दोन आकडे स्वतंत्रपणे नोंदवावेत.