पीसी-१२ पेशींना तंतू फुटत नाहीत? या चुका टाळा

पीसी-१२ पेशींना एनजीएफ (चेतातंतू फुटायला लावणारं प्रथिन) घालून तीन दिवस झाले, डिश मायक्रोस्कोपखाली ठेवली, तर पेशी द्राक्षाच्या घडासारख्या एकमेकींना चिकटून बसलेल्या. पहिला संशय एनजीएफच्या बाटलीवर जातो. माझाही जायचा. पण बहुतेक वेळा गडबड डिशमध्येच असते.

१९७६ मध्ये ग्रीन आणि टिश्लर यांनी उंदराच्या अधिवृक्क (ॲड्रीनल) ग्रंथीच्या गाठीपासून वेगळी केलेली ही पेशीमालिका, म्हणजे प्रयोगशाळेत सतत वाढवता येणाऱ्या पेशी. एकमेकींना चिकटणं हा तिचा स्वभावच. त्यामुळे पेरण्याआधी पेशी २२ गेजच्या सुईतून चार-पाच वेळा हळूच काढा. डिशला कोलॅजेनचा थर हवाच. नुसत्या प्लास्टिकवर त्यांचा पाय ठरत नाही.

सर्वांत महागात पडणारी चूक सीरमची. वाढीच्या माध्यमात, म्हणजे पेशींना पोसणाऱ्या द्रवात, १० टक्के घोड्याचं आणि ५ टक्के गर्भस्थ वासराचं सीरम असतं. तेच ठेवून एनजीएफ घातलं, तर सीरम म्हणतं ‘विभाजन कर’ आणि एनजीएफ म्हणतं ‘थांब, तंतू काढ’. घोड्याचं सीरम १ टक्क्यावर आणा, वासराचं बंद करा. मला या पेशींचं खरं नवल इथेच वाटतं: ईजीएफ (पेशींना विभाजायला लावणारं प्रथिन) आणि एनजीएफ दोघंही आत ईआरके हे एकच एन्झाइम जागं करतात. ईजीएफचा संकेत थोड्या वेळात विझतो आणि पेशी विभाजत राहते. एनजीएफचा तासन्‌तास टिकतो आणि पेशी चेतापेशीचं रूप घेऊ लागते. निरोपाचा रस्ता तोच, फरक तो किती वेळ चालू राहतो याचा.

म्हणून एकदा एनजीएफ घालून आठवडाभर विसरू नका. दर दोन-तीन दिवसांनी ताज्या एनजीएफसह माध्यम बदला. मात्रा मिलिलिटरला ५० ते १०० नॅनोग्रॅम पुरते. पेशीवरचे रिसेप्टर (एनजीएफ पकडणारी प्रथिनं) भरले की दुप्पट घालून फक्त पैसे जातात. विरळ एनजीएफ नळीच्या भिंतीला चिकटून बसतं, त्यामुळे ०.१ टक्का बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रथिन) मिसळा, छोटे ॲलिकॉट (एका वेळेपुरते वाटे) करा, पुन्हापुन्हा गोठवू नका.

एनजीएफ संपलं म्हणून बीडीएनएफ (एनजीएफच्याच कुटुंबातलं प्रथिन) घालून पाहू नका. त्याला लागणारा ट्रकबी रिसेप्टर या पेशींवर नसतो.

मोजताना पेशीच्या व्यासाहून लांब तंतूच धरा, आणि मोजायची जागा आधी ठरवा. नाहीतर नजर देखण्या पेशींकडेच धावते. तिसऱ्या दिवशी निकालही लावू नका. आठवडाभर थांबलात, तर तंतूच्या टोकाला पंजासारखा पसरलेला वृद्धिशंकू दिसतो.