रोमन सैनिकाचे भरतीचे वय थडग्यावरून कसे काढावे

इ.स.पू. 123 मध्ये रोमन राजकारणी गायस ग्राकसने 17 वर्षांखालील मुलांना सैन्यात घेण्यास कायद्याने मनाई केली. असा कायदा करावा लागला, यावरून त्याआधी कोवळ्या पोरांनाही ओढून नेले जात असावे, असे मला वाटते. परंतु कायद्यातली ही किमान मर्यादा म्हणजे भरती होणाऱ्यांचे प्रत्यक्ष वय नव्हे. त्यासाठी इ.स.च्या पहिल्या-दुसऱ्या शतकांतील सैनिकांच्या थडग्यांवरचे लेख वाचावेत.

लेखात प्रथम नाव, बापाचे नाव, गाव आणि पलटण असते. त्यानंतर दोन आकडे शोधावेत. ‘अन्नोरुम’ (वर्षांचा) या लॅटिन शब्दाच्या संक्षेपापुढे मृत्यूसमयीचे वय असते, तर ‘स्टिपेंडिओरुम’च्या संक्षेपापुढे नोकरीची वर्षे असतात. ‘स्टिपेंडियम’ म्हणजे मुळात पगार, म्हणून जितके वार्षिक पगार तितकी वर्षे. वयातून ही वर्षे वजा केली की भरतीचे वय मिळते. इंग्लंडमधील रॉक्सेटर येथील गायस मान्नियस सेकुंडस हा इटलीतील पोलेंटिया गावचा, विसाव्या लीजनचा (रोमन सैन्याच्या मोठ्या पलटणीचा) शिपाई. त्याचे वय 52 आणि नोकरी 31 वर्षे, म्हणजे तो 21 व्या वर्षी भरती झाला. इंग्लंडमधीलच हेक्सॅमच्या मठातील शिळेवर निशाण घेऊन घोड्यावर बसलेला फ्लाविनस आहे आणि टापांखाली केसाळ शत्रू दबलेला आहे. हा स्वार 25 व्या वर्षी वारला, तेव्हा त्याची नोकरी 7 वर्षांची होती, म्हणजे तो जेमतेम 18 वर्षांचा असताना सैन्यात आला.

आकडे वाचताना एक काळजी घ्यावी: चाळीस हा आकडा चार वेळा दहाचे चिन्ह कोरूनही लिहिलेला आढळतो, त्यामुळे प्रत्येक खूण मोजूनच बेरीज करावी.

वय 40, 45 किंवा 50 असे पाचाच्या पटीत असेल, तर मात्र उत्तर अंदाजाचेच धरावे. त्या काळी अनेकांना आपले जन्मवर्ष नेमके ठाऊक नसे आणि घरचे लोक ठोकळ आकडा सांगत. इंग्लंडमधील कोल्चेस्टरच्या लाँगिनसचे वय 40 आणि नोकरी 15 वर्षे आहे. येणारे 25 हे उत्तर मी दोन-तीन वर्षे इकडेतिकडे सोडूनच वापरीन. निवृत्त सैनिकाच्या शिळेवर तर ही वजाबाकी करूच नये, कारण पगार थांबल्यानंतरही त्याचे वय वाढत राहिलेले असते. 25 वर्षे नोकरी करून सत्तरीत वारलेला माणूस वजाबाकीने 45 व्या वर्षी भरती झालेला ठरतो.

मिळालेली उत्तरे पडताळण्यासाठी इजिप्तमधील ऑक्सिरिंकस येथे सापडलेला, इ.स. 103 चा पपायरसवरील (लव्हाळ्यापासून केलेल्या कागदावरील) आदेश पाहावा. त्यात सहा नव्या शिपायांची नावे, वये आणि ओळखीच्या खुणा दिल्या आहेत. त्यांत लाँगिनस प्रिस्कस 22 वर्षांचा असून त्याच्या डाव्या भुवईवर व्रण आहे. सहांपैकी सर्वांत लहान 20 वर्षांचा आणि सर्वांत मोठा 25 वर्षांचा आहे.