शिळं, उरलंसुरलं आणि बाकी

इथे परदेशात नवीन आलात की घर कसं शोधायचं, बँकेत कोणते कागद न्यायचे, हे सांगणारे तुम्हाला ढिगाने भेटतील. मी त्यात भर घालत नाही. मला फक्त 'लेफ्टओव्हर' या शब्दाबद्दल आणि त्याच्या भाऊबंदांबद्दल सांगायचंय. हसू नका. उरलेल्या गोष्टींना इंग्रजीत काय म्हणायचं, यावरून मी जितकी तोंडघशी पडलेय, तितकी व्हिसाच्या मुलाखतीतही पडले नव्हते.

पहिली गोष्ट, शिळं म्हणजे 'स्टेल' नव्हे. शब्दकोशात तसं दिलंय, म्हणून तर घोटाळा होतो. आपल्या 'शिळं'मध्ये वेळेचा हिशोब असतो: काल शिजवलं, म्हणून आज शिळं, मग ते कितीही चविष्ट असो. 'स्टेल'मध्ये दोष असतो. ब्रेड कडक होतो, बिस्किटं सादळतात, खोलीतली हवा कोंदट होते, विनोद शंभरदा ऐकून विटतो, तेव्हा ते स्टेल. रस्सा, डाळ असलं काही कधी स्टेल होत नाही. ते खराब झालं तर 'इट्स गॉन ऑफ' किंवा 'गॉन बॅड'. आमच्याकडे नव्याने आलेल्या एका मुलाने डबा पुढे करत सहकाऱ्याला आग्रह केला, "इट्स स्टेल, बट व्हेरी टेस्टी." समोरच्याचा काटा डब्यापर्यंत पोचला होता, तो तसाच मागे गेला. बिचाऱ्याला म्हणायचं होतं, "लेफ्टओव्हर्स फ्रॉम लास्ट नाइट." एवढं म्हटलं असतं तर तो माणूस खुशाल जेवला असता. या शब्दात कमीपणा नाही. इथली माणसं दुसऱ्या दिवशी पुरावं म्हणून मुद्दाम जास्त करतात आणि तसं सांगतातही. आपलीच मंडळी उगाच ओशाळतात.

मात्र हाच शब्द एक गोष्ट लपवतो. पातेल्यात उरलेलंही लेफ्टओव्हर्स आणि कुणाच्या ताटात उरलेलं डब्यात भरून ठेवलं तर तेही लेफ्टओव्हर्स. 'उष्टं' याला इंग्रजीत नेमका शब्दच नाही. तुम्ही पाळत असाल तर सरळ विचारा, "हॅज एनीवन ईटन फ्रॉम धिस?" कुणी रागावत नाही. जे खायचं नाही, टाकायचं आहे, ते 'स्क्रॅप्स'. म्हणजे आपलं खरकटं. पाहुण्याला 'स्क्रॅप्स' देऊ करू नका.

व्याकरण थोडक्यात. उरलेलं खाणं या अर्थाने शब्द एकटा आला की शेवटी 'स' हवाच: लेफ्टओव्हर्स. दुसऱ्या नामाच्या आधी येताना, मग ते खाणं असो की रंग, 'स' नको: लेफ्टओव्हर राइस, लेफ्टओव्हर पेंट. आणि क्रियापदानंतर आलं की दोन सुटे शब्द: 'देअर वॉज सम मनी लेफ्ट ओव्हर'. तेव्हा उच्चारात जोर 'ओव्हर'वर, एरवी 'लेफ्ट'वर.

त्या 'ओव्हर'वरून आठवलं. 'मिल्क इज ओव्हर' हे आपण घरून घेऊन आलेलं इंग्रजी. मीटिंग ओव्हर होते, दूध होत नाही. 'वी आर आउट ऑफ मिल्क' म्हणा. तसंच 'बॅलन्स वर्क', 'बॅलन्स फूड' ऐकून लोक गोंधळतात. तिथे 'द रेस्ट' पुरतं.

आता माझी फजिती. ऑफिसात एका छोट्या समारंभानंतर बरंच खाणं उरलं होतं. मी ते नीट भरून ठेवलं आणि मोठ्या अभिमानाने सगळ्यांना जाहीर केलं, "आय हॅव केप्ट द रिमेन्स इन द फ्रिज." क्षणभर चिडीचूप. मग एकीने अगदी हळू आवाजात विचारलं, "हूज?" नुसतं 'रिमेन्स' म्हटलं की माणसाचं पार्थिव, किंवा उत्खननात सापडलेले अवशेष. मी ते आठ वर्षं ऐकतेय.

बाकीचे एका ओळीत: भागाकारातली बाकी 'रिमेंडर', ठाणातला उरलेला कापडाचा तुकडा 'रेम्नंट', करवतीखालून उरलेला लाकडाचा तुकडा 'ऑफकट', भांड्याला किंवा काचेला चिकटून राहिलेला थर 'रेसिड्यू'.

हे सगळं विसरलात तरी चालेल, पण 'बॅलन्स' विसरू नका. बाकी फजिती फुकट असते, या चुकीला मात्र पैसे पडले. प्रीपेड फोनवर बॅलन्स म्हणजे आपले उरलेले पैसे. बँकेच्या खात्यातही तेच. क्रेडिट कार्डावर मात्र बॅलन्स म्हणजे आपण देणं लागतो ते. आपली 'बाकी' अशीच दोन्हीकडून बोलते, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. दर महिन्याला मी 'मिनिमम पेमेंट' भरायची, खाली 'रिमेनिंग बॅलन्स' दिसायचा आणि मला वाटायचं, वा, अजून एवढे खर्चायला उरलेत. सात महिने! व्याज तर चढत होतंच, शिवाय बहुतेक कार्डांवर मागची थकबाकी राहिली की नव्या खरेदीलाही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. खर्चायला किती उरलं ते पाहायचं असेल तर 'अव्हेलेबल क्रेडिट' बघा. भरायचा आकडा म्हणजे 'स्टेटमेंट बॅलन्स', म्हणजे महिन्याच्या बिलावरचं एकूण देणं, तोही पूर्ण आणि मुदतीच्या आत. मिनिमम नव्हे. पुन्हा सांगते, मिनिमम नव्हे. 'सगळे मिनिममच भरतात' असं सांगणारा कुणीतरी आपल्याच मंडळींत भेटेल. त्याला त्याचा बॅलन्स विचारा.

आणि कार्डाच्या बॅलन्सपुढे कधी उणे चिन्ह दिसलं तर घाबरून आणखी पैसे भरू नका. मी भरले होते. तिथे उणे म्हणजे कंपनीच तुमचं देणं लागते.