यामाहा बॅन्शी ३५०: पाइप घेण्याआधी गळती तपासा

बॅन्शी या चारचाकी एटीव्हीच्या ३४७ सीसी जुळ्या सिलिंडरच्या टू-स्ट्रोक इंजिनाला सर्वाधिक जादा ताकद एक्स्पान्शन चेंबर (मध्ये फुगीर असलेल्या एक्झॉस्ट) पाइपांनी मिळते. पण ते बसवण्याआधी इनटेक आणि एक्झॉस्टची तोंडं बंद करून ६ पीएसआय हवा भरा. ६ मिनिटं दाब टिकला पाहिजे. क्रँकच्या सीलमधून हवा ओढली गेली की मिश्रण पातळ होतं (पेट्रोल कमी, हवा जास्त), पिस्टन तापून जाम होतो. ही चाचणी कधीही टाळू नका.

पाइप लावले किंवा एअरबॉक्सचं (एअर फिल्टरच्या डब्याचं) झाकण काढलं, तर कार्ब्युरेटरमधला मेन जेट (पेट्रोल सोडणारं मुख्य छिद्र) मोठाच हवा. मुद्दाम जास्त मोठ्या जेटपासून सुरुवात करा, पूर्ण थ्रॉटलवर इंजिन बंद करून स्पार्क प्लगचा रंग पाहा, मग एकेक पायरी खाली या. रीड (इनटेकमधल्या झडपा) आणि टायमिंग (ठिणगीची वेळ) यांतले बदल त्यानंतर. ड्यून्सवर (वाळूच्या टेकड्यांवर) चालवायची असेल तर वरच्या आरपीएमचे पाइप, जंगलवाटांसाठी मधल्या आरपीएमचे.