चाकांवरच्या घरासाठी करमणुकीचा कॉम्प्युटर कसा निवडावा

घरासाठी कॉम्प्युटर घेताना आपण प्रोसेसर कुठला, रॅम किती, स्क्रीन केवढी असं विचारत जातो. विजेचा विचार कुणी करत नाही, कारण ती भिंतीतून येते. मुक्कामच गाडीत असेल, म्हणजे कॅम्परव्हॅन, मोटरहोम किंवा आतून घर केलेली जुनी बस असेल, तर भिंतीतून काहीच येत नाही. जे काही आहे ते सीटखालच्या बॅटरीत. म्हणून इथली खरेदी उलट्या क्रमाने करायची: आधी बॅटरी, मग प्लग, आणि सगळ्यात शेवटी कॉम्प्युटर. मी पहिल्यांदा सुलट क्रमाने केली होती. यंत्र झकास होतं, पण सिनेमा मध्यंतराला पोचला की इन्व्हर्टर कोकलायला लागायचा.

१. संध्याकाळचं विजेचं बजेट काढा

हिशेब वॉट-अवरमध्ये, म्हणजे वॉट गुणिले तास असा करायचा. १२ व्होल्ट आणि १०० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे १,२०० वॉट-अवर. ती लेड-अ‍ॅसिडची असेल तर निम्म्याखाली उतरवू नये, नाहीतर तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. म्हणजे हाती ६०० उरले. लिथियम आयर्न फॉस्फेटची असेल तर हजारेक वापरता येतात. यातून फ्रिज, दिवे, पाण्याचा पंप, पंखा, फोन यांचा वाटा वजा करा. यात फ्रिज सर्वांत खादाड. छोटा कॉम्प्रेसर-फ्रिजसुद्धा दिवसाला तीन-चारशे वॉट-अवर सहज खातो. छतावर १०० वॉटचं सोलर पॅनेल असेल तर चांगल्या उन्हात दिवसाकाठी ३०० ते ४०० वॉट-अवर परत येतात, ढगाळ दिवशी त्याचा जेमतेम अंश.

समजा, सगळं वजा जाता करमणुकीला २०० वॉट-अवर उरले. चार तास बघायचं असेल तर कॉम्प्युटर, स्क्रीन आणि स्पीकर मिळून ५० वॉटच्या आत बसायला हवेत. गेमिंग डेस्कटॉप मॉनिटरसकट ४०० वॉट ओढत असेल तर हेच २०० अर्ध्या तासात संपतात. अंथरूण पाहून पाय पसरायचे ते इथे.

अडॅप्टरवर छापलेला आकडा हा प्रत्यक्ष वापर समजू नका. ६५ वॉटचा अडॅप्टर म्हणजे तो जास्तीत जास्त तेवढं देऊ शकतो. त्याच अडॅप्टरवरचा लॅपटॉप सिनेमा दाखवताना १०-१५ वॉटच घेत असेल. नेमका आकडा हवा तर यूएसबी-सी केबलच्या मधे लावायचं छोटं मीटर मिळतं, ते घ्या. या सगळ्या खटाटोपात मला सर्वांत उपयोगी पडलेली वस्तू हीच.

२. काय बघणार, काय खेळणार ते प्रामाणिकपणे लिहा

फक्त सिनेमे, मालिका, गाणी? मग फारच कमी ताकदीचं यंत्र पुरतं. एकटेच असाल आणि झोपताना एखादा भाग बघायचा असेल तर कॉम्प्युटर घेऊच नका, टॅबलेट बास आहे. कॉम्प्युटर लागतो तो स्वतःचा सिनेमांचा साठा असेल, दोघा-तिघांनी मोठ्या स्क्रीनवर बघायचं असेल, गेम खेळायचे असतील किंवा त्याच यंत्रावर कामही करायचं असेल तेव्हा.

३. यंत्राचा प्रकार ठरवा

डेस्कटॉप टॉवर बाद. वीज, जागा आणि खड्ड्यांत हादरणारं जड ग्राफिक्स कार्ड, ही तिन्ही कारणं पुरेशी आहेत.

लॅपटॉपचा मोठा फायदा म्हणजे त्याच्या पोटातली बॅटरी. दुपारी सोलर जोरात असताना तो भरून ठेवला की रात्रीचा एक सिनेमा गाडीच्या बॅटरीला हात न लावता होतो. लॅपटॉपमध्ये साधारण ५० ते ७० वॉट-अवर मावतात, म्हणजे १५ वॉटच्या वापराला तीन-चार तास. दुसरी गोष्ट, गाडीचं इंजिन सुरू करताना व्होल्टेज क्षणभर खाली जातं, ते लॅपटॉपला कळतही नाही. मिनी पीसी मात्र त्याच बॅटरीवर असेल तर रिस्टार्ट होऊ शकतो. यासाठी इंजिनची बॅटरी आणि घराची बॅटरी वेगळी ठेवणं उत्तम.

मिनी पीसी म्हणजे तळहाताएवढा डबा. स्क्रीनच्या पाठीला स्क्रूने बसतो, टेबल अडवत नाही. इंटेल एन१०० सारखा प्रोसेसर (२०२३ पासून बाजारात आहे, चिपचा टीडीपी, म्हणजे उष्णतेची ठरलेली मर्यादा, ६ वॉट) असलेला डबा सिनेमा चालवताना एकंदर १० ते १५ वॉटच्या आसपास राहतो. बघणारे दोन किंवा जास्त असतील आणि गाडी एका जागी आठ-दहा दिवस थांबत असेल तर माझं मत याच्याच बाजूने. सतत भटकंती असेल तर लॅपटॉप.

अ‍ॅपलचा मॅक मिनी विजेच्या बाबतीत फार काटकसरी आहे, पण त्याचा पॉवर सप्लाय आतच असतो आणि त्याला एसी, म्हणजे घरातल्या प्लगमधली वीज लागते. म्हणजे इन्व्हर्टर आलाच. रास्पबेरी पाय, म्हणजे एका छोट्या बोर्डावरचा कॉम्प्युटर, स्वतःच्या साठ्यातले सिनेमे दाखवायला चालतो. ब्राउझरमधून ऑनलाइन बघायला मात्र तो कुरकुरतो.

गेमचा शौक असेल तर स्टीम डेकसारखा हातातला कॉम्प्युटर बघा. त्याची मुख्य चिप १५ वॉटच्या मर्यादेत चालते, चार्जर ४५ वॉटचा यूएसबी-सी आहे आणि डॉक (जोडणीचा स्टँड) लावला की मोठ्या स्क्रीनला जोडता येतो. गेमिंग लॅपटॉपही बॅटरीवर चालतो म्हणा, पण खेळताना तो शंभर-दोनशे वॉट सहज मागतो. तो मुक्कामाला बाहेरची वीज मिळाली तरच.

४. वीज कोणत्या दाराने आत येणार ते बघा

बहुतेकांची फसगत होते ती इथे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

गाडीच्या बॅटरीत १२ व्होल्ट डीसी असते. इन्व्हर्टर तिची एसी करतो आणि लॅपटॉपचा अडॅप्टर त्या एसीची पुन्हा २० व्होल्ट डीसी करतो. दोन्ही वेळा थोडी वीज उष्णतेत जाते. त्याहून वाईट म्हणजे इन्व्हर्टर नुसता चालू असला तरी वीज पितो. १५ वॉटचा रिकामा वापर धरला तरी दिवसरात्र चालू राहिल्यास ३६० वॉट-अवर गेले. म्हणजे सिनेमाला २०० आणि सिनेमा न बघण्याला ३६०! दहा वॉटच्या कॉम्प्युटरसाठी दोन हजार वॉटचा इन्व्हर्टर चालवणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

म्हणून शक्यतो डीसीवरच चालणारं यंत्र निवडा. रस्ते दोन.

पहिला रस्ता यूएसबी-सी पॉवर डिलिव्हरीचा. १२ व्होल्टच्या सॉकेटला लावायचा चार्जर स्वतःच २० व्होल्ट करून देतो. मात्र लॅपटॉपचं यूएसबी-सी पोर्ट चार्जिंग घेतं का, हे आधी तपासा. काही पोर्ट फक्त डेटासाठी असतात. चार्जरवर ‘१०० वॉट’ लिहिलेलं असलं तरी ते सगळ्या पोर्टांचं मिळून असू शकतं. शिवाय १०० वॉट म्हणजे १२ व्होल्टवर साधारण ९ अँपिअर. बारीक वायरीची आणि सैल बसणारी सॉकेट तेवढ्याने तापते. जाड वायर टाका, बॅटरीजवळ फ्यूज बसवा.

दुसरा रस्ता, थेट १२ व्होल्टवर चालणारा मिनी पीसी. अडॅप्टरवर १२ व्होल्ट लिहिलंय म्हणून सरळ बॅटरीला जोडावं असं वाटतं, पण गाडीतले १२ व्होल्ट नावापुरते १२ असतात. बॅटरी उतरली की ११ च्या घरात, चार्जिंग चालू असताना १४.४ किंवा थोडे जास्तच. यंत्राच्या माहितीपत्रकात ‘९ ते २४ व्होल्ट’ असा रुंद पट्टा दिला असेल तर निर्धास्त जोडा. नुसताच ‘१२’ किंवा ‘१२ ते १९’ असेल तर मधे डीसी-डीसी रेग्युलेटर हवा, आणि तोही व्होल्टेज कमी-जास्त दोन्हीकडे सांभाळणारा.

इन्व्हर्टर घ्यावाच लागला तर छोटा आणि प्युअर साइन वेव्हचा, म्हणजे घरातल्यासारखी गुळगुळीत लाटेची वीज देणारा घ्या. मॉडिफाइड साइन वेव्हवर, म्हणजे पायऱ्यापायऱ्यांच्या लाटेवर, काही अडॅप्टर तापतात आणि स्पीकरमधून गुणगुण येते. बटण हाताला येईल असं बसवा, म्हणजे झोपताना बंद होईल.

५. प्रोसेसरपेक्षा व्हिडिओ डिकोडर बघा

सिनेमा दाखवायला ताकद लागत नाही, लागतो तो चिपमधला व्हिडिओ उलगडणारा खास भाग. तो नसला तर तेच काम प्रोसेसर सगळी शक्ती लावून करतो, पंखा घोंघावतो आणि वॉट दुप्पट होतात. व्हिडिओ दाबून साठवण्याच्या पद्धतींपैकी एच.२६४ आणि एचईव्हीसी आजच्या बहुतेक चिपना जमतात. व्हीपी९ आणि एव्ही१ हेही हवेत, कारण यूट्यूब ते वापरतं. इंटेलमध्ये एव्ही१ची सोय ११व्या पिढीपासून आली, एनव्हिडियात आरटीएक्स ३० मालिकेपासून, अ‍ॅपलमध्ये एम३ पासून. जुना लॅपटॉप घेत असाल तर दुकानातच एक ४के व्हिडिओ लावा आणि विंडोजचा टास्क मॅनेजर उघडा. जीपीयूखाली (ग्राफिक्स चिप) ‘व्हिडिओ डिकोड’चा आलेख हलतोय आणि सीपीयू (प्रोसेसर) निवांत आहे, तर यंत्र ठीक.

रॅम ८ जीबी चालते, १६ बरी.

ऑपरेटिंग सिस्टिमबद्दल एकच. लिनक्स मलाही आवडतं, पण अनेक सशुल्क स्ट्रीमिंग सेवा त्यावर पूर्ण रिझोल्यूशन देत नाहीत. त्या बघायच्या असतील तर विंडोज किंवा मॅक.

६. नेट नसेल असं धरून साठवणूक ठरवा

एचडी स्ट्रीमिंगला ताशी सुमारे ३ जीबी लागतात, ४केला सुमारे ७. मोबाइल डेटावर रोज हे परवडत नाही, आणि डोंगराआड तर सिग्नलच नसतो. त्यात गाडीचा पत्रा सिग्नल अडवतो. म्हणून जवळ साठा हवाच. १०८०पी सिनेमा सरासरी ५ जीबीचा धरला तर २ टीबीच्या एसएसडीत ४०० सिनेमे मावतात.

एसएसडीच घ्या. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कमध्ये वाचणारं टोक तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं, आणि कच्च्या रस्त्यावर त्याचं काय होतं ते मी टकटक आवाज ऐकत अनुभवलंय. हार्ड डिस्क बॅकअपपुरती ठेवा, फोममध्ये गुंडाळून. गाडी उभी असतानाच ती जोडा.

स्ट्रीमिंग अ‍ॅपमधल्या डाउनलोडवर विसंबून कॉम्प्युटर घेऊ नका. नेटफ्लिक्सने विंडोजच्या अ‍ॅपमधली डाउनलोडची सोय २०२४ मध्ये काढून टाकली. असलं बघणं फोन-टॅबलेटवर ठेवा. स्वतःच्या फायलींसाठी व्हीएलसी किंवा कोडी हे प्लेअर आहेत. नवा कॉम्प्युटर हाती येताच विंडोजमध्ये आपलं हॉटस्पॉट ‘मीटर्ड कनेक्शन’ (मोजक्या डेटाचं) म्हणून नोंदवा, नाहीतर पहिल्याच अपडेटमध्ये आठवड्याचा डेटा जाईल.

७. स्क्रीन आणि आवाज

गाडीत आपण स्क्रीनच्या जवळ बसतो. सव्वा मीटरवरून २४ इंचांचा मॉनिटर डोळ्यांना तेवढाच भरतो, जेवढा सव्वादोन मीटरवरून ४३ इंची टीव्ही. त्यामुळे २४ पुरे, आणि १०८०पीही पुरे. खरी मेख पुन्हा विजेत आहे: कॉम्प्युटर डीसीवर आणला, पण मॉनिटरचा पॉवर सप्लाय आत असेल तर त्याच्यासाठी इन्व्हर्टर चालू ठेवावा लागतो. बाहेरचा १२ किंवा १९ व्होल्टचा अडॅप्टर असलेला मॉनिटर शोधा, किंवा यूएसबी-सीवर चालणारा १५-१६ इंची पोर्टेबल घ्या. पाठीला वेसाची, म्हणजे टांगायच्या पट्टीची ठरावीक अंतराची भोकं (७५ किंवा १०० मिलिमीटर) असायला हवीत. ब्राइटनेस उतरवला की वीज चांगलीच वाचते.

कॉम्प्युटर, स्पीकर आणि चार्जर एकाच बॅटरीवर असले तर कधी कधी स्पीकरमधून शिट्टीसारखा आवाज येतो. हा ग्राउंड लूप. ऑडिओ केबलवर आयसोलेटर लावला की जातो. ब्लूटूथ स्पीकरला हा त्रास नाही, आणि शेजारी दुसरी गाडी मुक्कामाला असेल तर हेडफोन बरे.

८. ऊन, धूळ, दव

उन्हात बंद उभी असलेली गाडी आतून ६० अंशांच्या वर जाऊ शकते. लॅपटॉप डॅशबोर्डवर किंवा छताजवळच्या कपाटात कधीच ठेवू नका. खाली, सावलीत, पूर्ण चार्ज न करता ठेवा. बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय बऱ्याच लॅपटॉपमध्ये असते. धुळीच्या रस्त्यांसाठी बिनपंख्याचा मिनी पीसी छान, पण त्याला हवेशीर जागा हवी, बंद कपाटात तो भाजून निघेल. थंडीत रात्रभर गारठलेलं यंत्र हीटर लावल्यावर लगेच सुरू करू नका, आत दव धरलेलं असू शकतं.

९. निघण्याआधी दोन रात्री उभ्या गाडीत काढा

सगळं जोडून गाडी दाराशी उभी करा, बाहेरची वीज तोडा आणि नेहमीसारखी संध्याकाळ घालवा. सिनेमाआधी आणि झोपताना बॅटरी-मॉनिटरवरचा (बॅटरीत किती उरलं ते दाखवणारा मीटर) आकडा लिहा, सकाळी पुन्हा लिहा. सिनेमाने किती खाल्लं ते पहिल्या फरकातून कळेल, आणि सगळं ‘बंद’ असताना रात्रभर किती गेलं ते दुसऱ्यातून. दुसरा आकडा फ्रिजच्या मानाने फुगलेला दिसला तर इन्व्हर्टरचं बटण बघा. ते बंद असेल तर कॉम्प्युटर झोपवलाय की खरंच बंद केलाय ते बघा, आणि मग मॉनिटरचा तो लुकलुकणारा दिवा.