एडीएचडीवाला पोरगा नशेकडे वळतोय असं वाटलं तर घरच्यांनी काय करायचं

पहिलं म्हणजे शपथ घालू नका. माझ्या धाकट्या भावाला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष एका जागी टिकत नाही, मनात आलं की लगेच करून मोकळा, आम्ही त्याला आईची शपथ घातली, तो मनापासून हो म्हणाला आणि तिसऱ्या दिवशी परत सिगरेट, कारण त्या क्षणाला स्वतःला आवरणं हेच तर एडीएचडीत जड जातं ना, मग शपथ मोडल्याची लाज वाटते आणि लाजेपायी लपवणं सुरू होतं.

त्यापेक्षा गाडीवर मागे बसवून किंवा चालता चालता विचारा, समोर बसवून नको. ओढल्यावर तुला बरं काय वाटतं, एवढंच. भाऊ म्हणाला, डोक्यातला गोंगाट थांबतो, अभ्यासाला बसता येतं. निकोटिनने थोडा वेळ लक्ष लागतं हे खरंच आहे, म्हणजे पुष्कळदा हा माज नसतो, त्याने स्वतःच शोधलेला इलाज असतो. ऑटिझम असलेली एखादी मुलगी गर्दी-आवाज सहन व्हावा म्हणून पार्टीत पीत असेल, तिला हेडफोन आणि लवकर निघायची मोकळीक द्या. भावाला आम्ही २० मिनिटं अभ्यास आणि मग खाली एक चक्कर असं लावून दिलं.

सायकियाट्रिस्टला एडीएचडी आणि नशा दोन्ही सांगा, अर्धं लपवू नका. गोळीनेच व्यसन लागेल ही भीती आम्हालाही होती, पण डॉक्टरांच्या देखरेखीत घेतलेल्या औषधाने पुढे व्यसनाचा धोका वाढतो असं संशोधनात दिसलेलं नाही. मिथाइलफेनिडेट (एडीएचडीची स्टिम्युलंट, म्हणजे मेंदूला चालना देणारी गोळी) असेल तर स्ट्रिप मोठ्यांकडे ठेवा, मित्र मागतात. नशा चालू असेल तर अॅटोमॉक्सेटिनसारखं स्टिम्युलंट नसलेलं औषध चालेल का तेही विचारा.

आणि रोज भरपूर दारू पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम बंद करू नका!! फिट येऊ शकते, जिवावर बेतू शकतं, ते डॉक्टरांकडेच.

पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून आहे, पण केंद्र कुठलंही असो, आधी विचारा की ग्रुपमध्ये बसवेना तर मध्ये उठलेलं चालेल का, दिवसाचं वेळापत्रक लिहून मिळेल का. रात्री-बेरात्री टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात.

परत ओढली असं तो स्वतः सांगायला आला तर आधी जेवायला वाढा, मग कधी, कुठे, सोबत कोण होतं एवढं विचारून लिहून ठेवा. आमच्याकडे लिहिल्यावर कळलं की जवळपास दर वेळी परीक्षेची आदली रात्र होती, आता त्या रात्री मी त्याच्यासोबत जागते.