नागपुरात नव्याने आलेल्यांसाठी: घरापर्यंत फायबर आल्यावर जुने इंटरनेट कसे बदलावे

मिहानमधील नोकरी, एम्समधील प्रशिक्षण किंवा बदली या निमित्ताने सांगली-साताऱ्याकडून नागपुरात येणारी मंडळी घर लागले की इंटरनेटबद्दल विचारू लागतात. मीही सांगलीचाच असून गेली कित्येक वर्षे येथे स्थायिक झालो आहे. मनीषनगर, बेसा, खामला किंवा प्रतापनगर अशा भागांत भाड्याने घर घेतले, तर घरमालकाची जुनी जोडणी बहुधा आधीच असते. ती तांब्याच्या टेलिफोन तारेवरची असते किंवा गल्लीतल्या केबलवाल्याची. काही महिन्यांनी इमारतीत फायबर, म्हणजे काचेच्या तंतूवरचे इंटरनेट, येते, खाली जाहिरातीचा फलक लागतो आणि बदलावे की नाही, बदलायचे तर कसे, हा प्रश्न उभा राहतो. माझे मत स्पष्ट आहे, बदलावे; मात्र ते योग्य क्रमाने करावे.

क्रमाला एवढे महत्त्व असण्याचे कारण आपल्या व्यवस्थेतच आहे. मोबाइलचा क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून मिळाली, परंतु घरच्या ब्रॉडबँडसाठी तशी सोय आपल्याकडे नाही. नवी कंपनी जुन्या कंपनीला काहीही कळवत नाही. नवी जोडणी घेणे आणि जुनी बंद करणे ही दोन वेगळी कामे असून दोन्ही तुम्हालाच करायची असतात. म्हणून नवी जोडणी सुरू होऊन तिची नीट पारख होईपर्यंत जुनी अजिबात बंद करू नये. दोन्हींचे भाडे एखादा महिना एकदम भरावे लागले तरी चालेल. घरून काम करणाऱ्याचा आठवडाभराचा खोळंबा त्याहून महाग पडतो.

आपल्याला खरोखर फायबर मिळत आहे का, हे आधी पाहावे. येथे विक्रीसाठी फोन करणारा प्रत्येक जण ‘फायबर’ असेच म्हणतो, पण अनेक ठिकाणी फायबर चौकातल्या किंवा इमारतीच्या जिन्याखालच्या डब्यापर्यंतच येते आणि तेथून वर घरात निळी किंवा करडी, तांब्याची लॅनची तार जाते. घरापर्यंत फायबर म्हणजे काचेचा तंतू थेट तुमच्या खोलीतल्या उपकरणात येतो. त्याच्या टोकाला बहुधा हिरव्या रंगाचा छोटा चौकोनी प्लग असतो. ‘माझ्या घरात येणारी शेवटची तार काचेची आहे की तांब्याची?’ असा थेट प्रश्न विचारावा आणि शेजाऱ्याकडे तीच जोडणी असेल तर त्याच्या घरी जाऊन तो हिरवा प्लग डोळ्यांनी पाहून यावा.

हा फरक नागपुरात वेगापेक्षा विजेमुळे अधिक जाणवतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, घरोघरी कुलर आणि एसी चालू असतात, संध्याकाळी वावटळ उठते आणि लाइट जाते. आपल्या घरी इन्व्हर्टर असतो, राउटर चालू राहतो, तरीही इंटरनेट बंद पडते, कारण जिन्याखालच्या डब्यातल्या स्विचला वीज लागते आणि त्याची बॅटरी बहुधा केव्हाच गेलेली असते. घरापर्यंतच्या फायबरची रचना वेगळी आहे. कंपनीच्या केंद्रापासून तुमच्या घरापर्यंत मध्ये विजेवर चालणारे काहीच नसते; एका तंतूतला प्रकाश काचेच्या विभाजकातून ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो आणि त्या विभाजकाला वीज लागत नाही. केंद्रात बॅटरी आणि जनरेटर असेल, तर तुमच्या घरातल्या छोट्या उपकरणाला वीज मिळाली की काम चालू राहते. ही उपकरणे बहुधा १२ व्होल्टवर चालतात आणि त्यांच्यासाठी बाजारात वहीएवढा छोटा यूपीएस मिळतो. घरात इन्व्हर्टर नसेल तर हा यूपीएस पहिल्याच दिवशी घ्यावा.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. तांब्याच्या तारेवरच्या जुन्या टेलिफोनला वीज एक्सचेंजमधून मिळत असे, त्यामुळे लाइट गेली तरी फोन लागत असे. फायबरवरचा लँडलाइन फोन मात्र घरातले उपकरण बंद पडले की बंद पडतो. घरात वयस्क आईवडील असतील आणि त्यांचा भरवसा लँडलाइनवर असेल, तर ही गोष्ट आधीच लक्षात घ्यावी. शिवाय ०७१२ ने सुरू होणारा नागपूरचा लँडलाइन क्रमांक दुसऱ्या खाजगी कंपनीकडे नेता येत नाही. तो टिकवायचाच असेल, तर बीएसएनएलचा जुना ग्राहक म्हणून त्याच क्रमांकावर फायबर देता येईल का, याची कार्यालयात चौकशी करावी.

बीएसएनएल, जिओ आणि एअरटेल या तिन्ही कंपन्या फायबर देतात, शिवाय स्थानिक कंपन्याही आहेत. यांपैकी सर्वांत चांगली कोणती, या प्रश्नाला शहरापुरते उत्तर नसते, ते गल्लीपुरते असते. बिघाड झाल्यावर माणूस किती वेळात येतो, हे त्याच इमारतीतले लोक सांगू शकतात, तेच विचारावे. दराच्या बाबतीत, जाहिरातीत बहुधा १८ टक्के जीएसटी धरलेला नसतो, त्यामुळे ९९९ रुपयांची योजना प्रत्यक्षात ११७८ रुपये ८२ पैशांना पडते. ‘अमर्याद’ शब्दापुढेही मर्यादा असते आणि ती ओलांडल्यावर वेग किती राहतो, हे वाचून घ्यावे. वर्षभराचे पैसे आगाऊ भरले तर जोडणीचा खर्च बहुधा माफ होतो हे खरे, पण भाडेकरार अकरा महिन्यांचा असताना तसे करू नये. पहिले काही महिने मासिक योजनाच बरी.

भाडेकरूने घरमालकाची आणि गरज असल्यास सोसायटीची लेखी परवानगी आधी घ्यावी, कारण भिंतीला भोक पाडावे लागते. एसीच्या पाइपसाठी पाडलेले भोक असेल तर तंतू तेथूनच आणता येतो. जोडणी शक्यतो स्वतःच्या नावावर घ्यावी.

जोडणीच्या दिवशी घरी थांबावे आणि काम शेवटपर्यंत पाहावे. तंत्रज्ञ खांबावरून काळी तार आणतो, तिचे आवरण सोलतो आणि आतला केसाएवढा काचेचा तंतू साफ करून, कापून, जोडतो. त्यानंतर त्याच्याजवळच्या छोट्या मीटरवर प्रकाशाची पातळी डीबीएम या एककात दिसते. तो आकडा उणे असतो आणि त्याचा फोटो काढून ठेवावा. साधारणतः उणे १५ ते उणे २४ पर्यंतचा आकडा चांगला; उणे २७ च्या जवळ गेला असेल, तर कुठेतरी जोड कच्चा आहे किंवा तंतू फार वाकला आहे, असे समजावे आणि तो तेव्हाच दुरुस्त करून घ्यावा. आज तेवढ्यावर इंटरनेट चालेलही, परंतु पावसाळ्यात जोडात पाणी शिरले की तीच जोडणी आधी बंद पडते. तंतू दाराच्या फटीतून किंवा खिळ्याखाली दाबून नेऊ देऊ नये. उपकरण गच्चीलगतच्या तापणाऱ्या भिंतीवर किंवा बंद कपाटात बसवू नये. आपल्या उन्हाळ्यात ते तापून बंद पडते.

वेगाची चाचणी लॅपटॉपला तार जोडून करावी, कारण वायफायवरचा वेग भिंतींवर अवलंबून असतो आणि महाल भागातल्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींपलीकडे तो निम्म्याहून कमी होऊ शकतो. १०० एमबीपीएस (मेगाबिट) म्हणजे फाइल उतरवताना सेकंदाला सुमारे साडेबारा एमबी (मेगाबाइट), हे माहीत असले की उगाच गैरसमज होत नाही. चाचणी दुपारी एकदा आणि रात्री नऊच्या सुमारास एकदा, असे आठवडाभर करावे; सगळे घरी असताना वेग टिकला तरच जोडणी चांगली. नव्या राउटरला जुन्याच वायफायचे नाव आणि पासवर्ड दिला, तर टीव्ही, कॅमेरा आणि फोन बहुतेक वेळा आपोआप जोडले जातात. मात्र दोन्ही राउटर त्या वेळी एकत्र चालू ठेवू नयेत.

आठवडा नीट गेल्यावर जुनी जोडणी बंद करण्याचा अर्ज द्यावा, तोही ईमेलने किंवा कंपनीच्या ॲपमधून. गल्लीतल्या माणसाला तोंडी सांगणे पुरेसे नाही. नुसते भाडे भरणे थांबवले की जोडणी बंद होते, असा समज बिलपद्धतीच्या (आधी वापर, नंतर बिल) जोडणीत फार त्रास देतो: बिले वाढत राहतात आणि पुढे वसुलीचे फोन सुरू होतात. आमच्या इमारतीतल्या एका कुटुंबाला घर सोडून गेल्यावरही असे फोन येत होते, कारण बंद करण्याच्या अर्जाचा एकही कागद त्यांच्याजवळ नव्हता. अर्जाचा तक्रार क्रमांक लिहून घ्यावा. राउटर कंपनीचा असेल तर तो ॲडॅप्टरसह परत करून पोच घ्यावी आणि त्यावर उपकरणाचा अनुक्रमांक लिहिलेला आहे ना, हे पाहावे. अनामत रकमेची मागणी त्याच अर्जात करावी. बँकेतून आपोआप पैसे वळते होण्याची सूचना शेवटचे बिल भागल्यानंतर रद्द करावी.

अनामत परत मिळाली नाही किंवा बिले थांबली नाहीत, तर आधी कंपनीच्या तक्रार केंद्राकडे आणि त्यानंतर तिच्याच अपील प्राधिकरणाकडे जावे. ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरण, वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, हे अनेकांना ठाऊक नसते. अपिलातही दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. त्या प्रत्येक पायरीवर पहिला प्रश्न तक्रार क्रमांक आणि राउटरच्या पोचपावतीचाच असतो.